मागच्या जिन्याची किल्ली

वाचकहो, आजवर या पानावरून मी तुमच्याशी मधुमेहाविषयी, गुडघ्यांविषयी, झोपेविषयी बोलत आले. आजचा विषय तुम्हाला डॉक्टरांच्या अखत्यारीबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. आपण नोकरीसाठी, उपचारांसाठी, निवृत्तिवेतनाच्या चौकशीसाठी ज्या इमारतींचे जिने चढतो, त्या इमारतींना लागणाऱ्या आगीसंबंधी मला लिहायचे आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. २०१८ च्या मे महिन्यात माझ्या दवाखान्याच्या इमारतीत आग लागली आणि ७८ वर्षांच्या एका आजींचा जीव त्या दुपारी माझ्या हातून जाता जाता राहिला. ‘माझ्या हातून’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. आग मी लावली नव्हती. पण ज्या दारातून आजींना बाहेर काढायचे होते, त्या दाराला कुलूप माझ्याच सूचनेवरून लागले होते.

माझा दवाखाना सांगलीत, एका तीन मजली व्यापारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर कापडाचे, औषधांचे व झेरॉक्सचे अशी दुकाने. माझ्या शेजारी विमा प्रतिनिधीचे कार्यालय. दुसऱ्या मजल्यावर एका सनदी लेखापालांची कचेरी आणि तिसऱ्यावर शिकवणी वर्ग. तुमच्या गावातही अशा इमारती असतील आणि त्यांची रचना तुम्हाला पाठ असेल. रस्त्याच्या बाजूने एक जिना, त्या जिन्याच्या पोटाशी सर्व गाळ्यांचे विजेचे मीटर, मीटरच्या फळ्यांखाली कुणाची तरी दुचाकी, शेजारी दुकानाचे रिकामे खोके. मागच्या बाजूला आणखी एक अरुंद जिना असतो. तो नकाशा मंजूर होण्यासाठी बांधला जातो आणि पुढे अडगळ ठेवण्यासाठी वापरला जातो.

आमच्या मागच्या जिन्याने चोर येत आणि पाण्याचे पितळी नळ काढून नेत. दोनदा नळ गेल्यावर इमारतीतील सर्वांची बैठक झाली आणि प्रत्येक मजल्याच्या मागच्या दाराला कुलूप घालावे असे मी सुचवले. सर्वांना ते पटले. माझ्या मजल्याची किल्ली कंपाउंडरच्या खणात राहू लागली. दाराच्या अलीकडच्या बोळात सलाइनचे आणि कापसाचे खोके रचले गेले, कारण एरवी त्या जागेचा उपयोग तो काय?

आगीच्या तीन दिवस आधी आमच्या नावनोंदणीच्या टेबलावरील मुलगी मला म्हणाली होती, “मॅडम, जिन्यात सुकट भाजल्यासारखा वास येतोय.” मी म्हणाले, “खाली कुणीतरी डबा उघडला असेल.” तापलेल्या विद्युत जोडणीभोवतीच्या काही प्लास्टिकना मासळीसारखा वास येतो, हे मला पुढे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांकडून कळले. छातीत दोन दिवस जळजळते आहे असे सांगणाऱ्या रुग्णाला ‘पित्त असेल’ म्हणून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरची जी चूक, तीच ही चूक होती. लक्षण समोर होते आणि ते सांगणाऱ्या व्यक्तीला मी गप्प केले.

येथे तुमच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. दृष्टी आणि श्रवण कमी झाल्याचे आपल्या ध्यानात येते, चष्मा येतो, श्रवणयंत्र येते. वास कमी येऊ लागल्याचे मात्र पुष्कळांना कळतच नाही. विस्मरणाच्या विकारात व कंपवातात तर ही शक्ती फार लवकर क्षीण होते. त्यामुळे घरातील सून किंवा कार्यालयातील शिपाई ‘काहीतरी जळतंय’ म्हणाला आणि तुम्हाला काहीच जाणवले नाही, तर त्याचे म्हणणे खरे धरा. साठीच्या पुढचे नाक या बाबतीत साक्षीदार म्हणून फारसे विश्वासार्ह नसते.

त्या दुपारी चार वाजून गेले होते. निरीक्षणाच्या खोलीत दोन रुग्ण होते. एक तापाचा तरुण आणि दुसऱ्या या आजी, जुलाबांनी अंगातील पाणी कमी झालेल्या. त्यांच्या सोबत सूनबाई होत्या. आजींच्या दोन्ही गुडघ्यांची झीज इतकी होती की वॉकरवाचून त्यांना दहा पावलेही टाकता येत नसत. प्रथम दिवे फडफडले, मग पंखा मंदावला. खालून आरडाओरडा ऐकू आला. मी पुढचे दार उघडले, आणि हे दार उघडणे ही माझी त्या दिवसाची पहिली चूक ठरली.

जिन्यात ज्वाळा दिसल्याच नाहीत. दिसला तो धूर, काळा, दाट, आणि माणूस धावत जिना चढेल त्याहून वेगाने वर येणारा. जिना ही धुराची चिमणीच असते. तळाशी काहीही जळाले तरी गरम धूर वर चढतो, आणि वाटेत ज्या मजल्याचे दार उघडे मिळेल तेथे शिरतो. मी दार उघडले होते तेवढ्या काही क्षणांत प्रतीक्षागृहाचे छत दिसेनासे झाले. मी दार ओढून घेतले, सिस्टरनी चादरी ओल्या करून खालच्या फटीत कोंबल्या. धूर येणे पुष्कळ कमी झाले. साधे लाकडी दार नुसते मिटून घेतल्याने किती वेळ मिळतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

मग आम्ही मागच्या दाराकडे वळलो. कंपाउंडर त्या दिवशी रजेवर होता. किल्ली त्याच्या खणात होती आणि खणाला कुलूप होते.

पुढची तीन-चार मिनिटे मला तपशीलवार आठवतात. तापाच्या तरुणाने हातातील सुई तशीच ठेवून सलाइनची नळी सोडवली आणि तो खोके उचलू लागला. मावशींनी ऑक्सिजन सिलिंडरचा पाना आणला. मी आणि विमा कार्यालयातील एक गृहस्थ आळीपाळीने तो पाना कडीत घालून पिळत होतो. कडी गंजलेली होती म्हणून अखेर स्क्रूसह उखडली. ती नवी आणि चांगली असती तर काय झाले असते, हा विचार मी पुढे कित्येक रात्री केला. या सर्व काळात आजी खोलीत होत्या आणि धूर छताकडून हळूहळू खाली उतरत होता. त्या खोकत होत्या. सूनबाईंनी ओला पदर त्यांच्या तोंडाशी धरला होता.

वॉकर घेऊन त्या अरुंद जिन्याने उतरणे शक्य नव्हते आणि स्ट्रेचर त्या वळणांवर फिरलेच नसते. सिस्टर म्हणाल्या, “चादरीवर घेऊ.” आम्ही आजींना गादीवरच्या चादरीत गुंडाळले, दोघांनी डोक्याकडची टोके धरली, दोघांनी पायाकडची, आणि पाय पुढे करून एकेक पायरी उतरवले. सूनबाई सतत त्यांच्याशी बोलत होत्या. वीस-बावीस पायऱ्या असतील. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी आमच्या मागोमाग उतरत होती; त्यांच्या दाराची किल्ली तेथेच खिळ्याला टांगलेली होती. त्यांच्यातील एक निवृत्त काका, जे लेखापालांकडे हिशेब लिहीत, अर्ध्यातून परत वर गेले, कारण चष्मा आणि पासबुक टेबलावर राहिले होते. त्यांना शिकवणीच्या एका मुलाने दंडाला धरून खाली आणले. पासबुक बँक दुसरे देते.

खाली झेरॉक्सच्या दुकानदाराने बरेच शहाणपण दाखवले होते. कुणीतरी बादलीभर पाणी घेऊन मीटरवर टाकायला निघाला होता, त्याला त्यांनी अडवले. विजेचा प्रवाह चालू असलेल्या जागी पाणी टाकणे म्हणजे टाकणाऱ्याचाच जीव धोक्यात घालणे. त्यांनी आपल्या दुकानातील कोरड्या भुकटीचा अग्निशामक आणला, पाच-सहा फुटांवरून, रस्ता पाठीशी ठेवून, ज्वाळेच्या बुडाशी मारा केला. आग बसली असे वाटले, पण अशा नळकांड्यातील भुकटी जेमतेम दहा-पंधरा सेकंद पुरते आणि खोके पुन्हा पेटले. औषधांच्या दुकानातील दुसरा अग्निशामक आला तोवर अग्निशमन दलाची गाडी पोहोचली, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने खांबावरूनच पुरवठा तोडला, आणि मग पाण्याने आग पूर्ण विझवण्यात आली.

तुम्ही विचाराल, दवाखान्यात अग्निशामक नव्हता काय? होता. वजनाच्या काट्यामागे टांगलेला होता आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात नसून लाल पट्ट्यात होता. त्याच वर्षी जानेवारीत तपासणीसाठी एक माणूस आला होता. त्याने कागद पुढे केला. बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी सही केली, त्याने नळकांड्यावर नवी चिठ्ठी डकवली आणि तो गेला. दाब त्याने पाहिला नाही आणि मीही पाहिला नाही. रक्तदाब न मोजता ‘सामान्य’ असे लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

आता आजींकडे येते, कारण काळजी घेणाऱ्यांनी नेमके हेच वाचावे अशी माझी इच्छा आहे. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर त्यांना निजवले. त्या शुद्धीवर होत्या, पण ‘डोकं ठणकतंय’ म्हणत होत्या आणि त्यांना झापड येत होती. सिस्टरनी बोटाला ऑक्सिमीटर लावला; आकडा ९७ आला. सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र त्या आकड्याचीच भीती वाटली. कोंडलेल्या जागेत जे काही जळते, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. बोटावरचे साधे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज करते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते. म्हणजे शरीर आतून गुदमरत असताना यंत्र ‘सर्व ठीक’ म्हणून सांगते. करोनाच्या साथीनंतर हे यंत्र घरोघरी आले आहे आणि त्याच्यावर आपला मोठा विश्वास बसला आहे. धुरात सापडलेल्या माणसाच्या बाबतीत तो विश्वास बाजूला ठेवा.

त्याऐवजी मी काय पाहिले, ते सांगते. नाकपुड्यांशी काजळी होती. आवाज बसला होता. डोकेदुखी आणि झापड होती. नाकातील केस होरपळलेले असतील, थुंकीत काळेपणा असेल, श्वास घेताना घरघर वा शीळ वाजत असेल, तर श्वसनमार्गाला आतून इजा झाली असण्याची दाट शक्यता असते. ही सूज लगेच दिसत नाही; काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वाढते. म्हणून ‘आता बरं वाटतंय, घरी नेतो’ हे वाक्य अशा वेळी बोलू नये. आम्ही आजींना तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला आणि रुग्णवाहिकेने मोठ्या रुग्णालयात पाठवले. साध्या हवेत रक्तातील निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर हे काम साधारण तासा-दीड तासात होते. आजी पाच दिवस रुग्णालयात होत्या. खोकला दोन महिने टिकला. ज्यांना मुळातच दमा, हृदयविकार किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसे आहेत, त्यांना यापेक्षा कमी धूरही झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: शॉर्टसर्किटमुळे आग, जीवितहानी नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडल्याने मृत्यू’ असे लिहू नये, असे आम्हा डॉक्टरांना शिकवले जाते, कारण हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ते का बंद पडले हे लिहायचे असते. ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द मला तेव्हापासून तसाच वाटतो. आमच्या आगीचे कारण असे होते: शिकवणी वर्गात त्या उन्हाळ्यात दोन नवे वातानुकूलक बसले, जुन्या तारांवरच. भार वाढला. मीटरच्या पेटीतील एक जोडणी सैल होती. सैल जोडणीतून अधिक प्रवाह गेला की ती तापते. ती तीन दिवस तापत राहिली, तिचा वास येत राहिला, आणि चौथ्या दिवशी वितळलेले प्लास्टिक खालच्या खोक्यांवर ठिबकले. यातील प्रत्येक पायरीवर आग थांबवता आली असती. वायरमनला शंभर रुपयांचे काम होते. खोके तेथे नसते तर बहुधा एक पेटी जळून प्रकरण संपले असते.

ही केवळ लहान इमारतींची कहाणी नाही. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, जेथे जळाऊ सामान साठवलेले होते, आग लागली. ज्वाळा वरच्या कक्षांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, धूर पोहोचला. नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक सारे खाटेवरून उठू न शकणारे रुग्ण, आणि बहुतेक गुदमरून. आपल्या राज्यात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा अर्भके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून दहाहून अधिक रुग्ण दगावले. या घटना वाचताना माझे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते. अर्भक काय आणि वॉकरवरच्या आजी काय, ज्यांना स्वतः उठून जाता येत नाही, त्यांना कोण उचलणार हे आधी ठरलेले असावे लागते. आग लागल्यावर ते ठरत नाही. आमच्याकडे ते सिस्टरना सुचले, हे आमचे नशीब.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची, म्हणजे माझ्यासारख्या गाळेधारकाची असते, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलैत द्यावे लागते. मी ज्या कागदावर डोळे मिटून सही केली, तो हाच कागद. आता तपासणीचा माणूस आला की मी खुर्चीवरून उठते. पाच मिनिटे रुग्णांना थांबावे लागते. काही जण कुरकुरतात.

त्यानंतर आम्ही बरेच काही केले. मीटर पत्र्याच्या बंद कपाटात गेले आणि जिन्याखालची जागा रिकामी झाली. दुचाकीवरून मात्र अजून भांडणे होतात. प्रत्येक मजल्यावर धूरशोधक बसले. त्यांचे तत्त्व सोपे आहे: डबीच्या आत प्रकाशाची एक शलाका असते, धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि घंटा वाजते. हे यंत्र अतिशय हळवे असते. आमच्या मावशींनी गुरुवारी धूप फिरवला की ते ओरडे. एके दिवशी मी मान वर केली तर धूरशोधकावर शस्त्रक्रियेचा रबरी हातमोजा चढवलेला! तो कोणी चढवला हे आजतागायत कोणी कबूल केलेले नाही. रंगकामाच्या वेळी लावलेली प्लास्टिकची टोपणे महिनोन्‌महिने तशीच राहिलेली मी अनेक कार्यालयांत पाहिली आहेत. तुम्ही बँकेच्या रांगेत उभे असाल तेव्हा एकदा छताकडे पाहा. टोपण दिसले तर व्यवस्थापकांना सांगा. ज्येष्ठांचे बोलणे ते सहसा मोडत नाहीत.

रुग्णालयात कुणाला दाखल करताना तुम्ही खाटेचे भाडे विचारता, भेटीच्या वेळा विचारता. त्याच वेळी परिचारिकेला विचारा, “दुसरा जिना कुठे आहे? आमच्या बाबांना चालता येत नाही, वेळ आली तर त्यांना कोण नेणार?” प्रश्न सौम्यपणे विचारावा, पण विचारावा. शक्य असेल तर त्या जिन्याने एकदा स्वतः उतरून पाहावे. दार ढकलल्यावर उघडते का, बाहेर वाट मोकळी आहे का, हे दोन मिनिटांत कळते. रुग्णाजवळ रात्री थांबणाऱ्याने चपला, चष्मा, श्रवणयंत्र आणि औषधांची यादी एका पिशवीत उशाशी ठेवावी. श्रवणयंत्र काढून झोपलेल्या माणसाला घंटा ऐकू येत नाही, ही गोष्ट यंत्रणा बसवणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही; ती तुम्ही ठेवायची आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाजवळ उदबत्ती किंवा निरांजन लावू नये, मग ते रुग्णालय असो वा घर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात बाकीचे सारे भराभर जळते.

माहितीपत्रकांत एक सूचना नेहमी असते: धूर झाल्यास गुडघ्यांवर रांगत बाहेर पडा. धूर वर असतो, जमिनीलगत हवा स्वच्छ असते, म्हणून सूचना योग्यच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना गेल्या दहा वर्षांत जमिनीवर बसताही आलेले नाही. ते रांगणार कसे? म्हणून मी त्यांना वेगळे सांगते. कमरेत वाकता येईल तितके वाका, एक हात भिंतीवर ठेवा, तोंडाला ओले फडके धरा. जिना उतरणे शक्य नसेल तर बसून एकेक पायरी सरका, त्यात लाज कसली? उद्वाहकात मात्र जाऊ नका. वीज गेली की तो मध्येच अडकतो आणि त्याचा बोगदाही धुराने भरतो. दाराबाहेर धूर असेल तर बाहेर पडूच नका. दार हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहा. गरम लागले तर उघडू नका. दार मिटून घ्या, फटीत ओले कापड भरा, रस्त्याकडील खिडकीशी या, १०१ किंवा ११२ वर फोन करून मजला आणि खोली सांगा, आणि खिडकीतून टॉवेल हलवत राहा. बंद दाराआड थांबलेला माणूस वाचू शकतो. हे मी आमच्याच दारामुळे सांगू शकते.

आता आमच्याकडे दर सहा महिन्यांनी सराव होतो. मागच्या वेळी रुग्ण म्हणून चादरीवर मीच झोपले. जिन्यावरून खाली जाताना आकाश डोलत होते आणि सिस्टर वरून म्हणत होत्या, “मॅडम, हात आत घ्या.” आपला सारा भार चार माणसांच्या मुठींवर सोपवणे म्हणजे काय असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजले. सत्तरी-ऐंशीच्या रुग्णांना मी रोज सहजपणे सांगत असे, ‘घाबरू नका.’

आजी आता ८५ च्या पुढे आहेत. तपासणीला येतात, त्या मागच्या बाजूच्या जिन्याने येता येत नाही म्हणून पुढूनच, दोन नातवांच्या आधाराने. पलंगावर टेकण्याआधी त्या एकदा बोळाकडे पाहून विचारतात, “दार उघडतंय नव्हं, बाई?” मी जाऊन दार ढकलून दाखवते. मागच्या दारांची कुलपे आम्ही काढून टाकली आहेत. आतून नुसते ढकलले की उघडेल अशी आडवी कडी बसवली आहे, बाहेरून ती उघडत नाही. खालच्या अंगणातले नळ मात्र अजूनही चोरीला जातात. गेल्या महिन्यात एक गेला. मी त्या जागी प्लास्टिकचा बसवून घेतला.